विसात न बसलेले पक्षी

“एक हजार चारशे चाळीस,” टिकमकाका म्हणाले आणि त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

मोडक्या धक्क्यावर मी त्यांच्या मागे चार हात अंतरावर उभी होते. जानेवारीतली सकाळ होती. खाडीवर धुकं इतकं दाट, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. समोरचा वाळूचा दांडा कशालाच न टेकता नुसता तरंगत होता. त्यावर पक्षी होते, एकाला एक चिकटून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. पण दांडा डावीकडे होता आणि काकांची दुर्बीण उजवीकडे वळलेली होती. ती जिथे रोखलेली होती तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

शेजारी काकी बसल्या होत्या. आकडा ऐकताच त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तो लिहून ठेवला.

“झालं तुमचं?” काकांनी माझ्याकडे बघत विचारलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्यापलीकडच्या सुरूच्या झाडाकडे.

“हो,” मी म्हटलं. माझ्या वहीत एक हजार चारशे त्रेपन्न होते.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीसची होते आणि पुण्यातल्या एका संस्थेत काम करत होते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून आपल्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या छोट्या पक्ष्यांची नोंद ठेवायची, हे आमचं काम. किनाऱ्यावर जागोजागी हौशी माणसं होती. ती ठरलेल्या दिवसांत, भरतीच्या वेळी, पाण्याने ढकलत ढकलत एका जागी गोळा केलेले पक्षी मोजायची आणि कार्डावर तारीख व आकडा लिहून पाठवायची. विश्राम टिकम त्यांतले सगळ्यात जुने. बंदर खात्यात कारकून होते. नोकरीत होते तेव्हापासून मोजत होते. एकोणीस हिवाळे झाले, त्यांचं कार्ड चुकलं नव्हतं.

पहिल्या चौदा वर्षांतले त्यांचे आकडे कसेही असत, दोन हजार दोनशे सात, एकोणीसशे एक्याऐंशी. मागच्या पाच वर्षांतला मात्र प्रत्येक आकडा विसाने भागला जात होता. एकही अपवाद नाही.

“माणूस घरात बसून आकडे लिहितोय,” आमचे साहेब म्हणाले होते. “तू जा, तीन दिवस बरोबर मोज. खोटं निघालं तर पाच वर्षं काढून टाकू.”

गोष्ट एवढीच असती तर बरं. ते आकडे वर्षागणिक खाली येत होते. खरे असतील तर त्या खाडीतले तिसरा हिस्सा पक्षी पाच वर्षांत नाहीसे झाले होते. खोटे असतील तर काहीच झालेलं नव्हतं. त्या टापूत दुसरं कुणी मोजणारं नव्हतं, विचारायचं कुणाला?

मी “बघायला येते” एवढंच कळवून गेले होते, आणि त्यांच्याच घरी उतरले होते.

त्या दिवशी दुपारी ओहोटीला काकी तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, काढायला निघाल्या. मी मागोमाग गेले. सकाळी जिथे नुसतं पाणी होतं तिथे आता अर्ध्या मैलापर्यंत चिखल चमकत होता, आणि सकाळचे सगळे पक्षी त्यावर पांगून टोचत, धावत, पुन्हा टोचत होते. काकी काटकुळ्या होत्या, साठीच्या आसपासच्या. साडीचा काचा मारून त्या चिखलात अशा चालत होत्या की पाय रुततोय असं वाटतच नव्हतं. मी गुडघाभर बुडत होते.

“काकी,” मी म्हटलं, “काकांना दिसत नाही ना?”

त्यांचं खुरपं थांबलं. “कोणी सांगल्यान?”

“कोणी नाही. दुर्बीण दांड्यावर नव्हती.”

त्या परत खणायला लागल्या. दोन तिसऱ्या टोपलीत पडल्या, मग आणखी एक. “पाच वर्सां झाली. काचबिंदू. मुंबयक नेलंव. डॉक्टर म्हणालो, उशीर केलास.”

“मग मोजतं कोण?”

“मी मोजतंय,” त्या म्हणाल्या. तांदूळ मी निवडते, अशा सुरात.

मग त्यांनीच सांगितलं. ओटीत शिंपल्या घेऊन बसायचं. वीस पक्षी झाले की एक शिंपली बाजूला टाकायची. शेवटी शिंपल्या मोजून काकांच्या कानात सांगायचं. “बाहत्तर म्हटलंय काय ते झटक्यान सांगतत, चवदाशे चाळीस. माका तां जमना नाय. शाळेत गेलंय खय मी? आकडे तेवढे लिवतंय.”

“आणि विसात बसले नाहीत ते? उरलेले?”

“ते सोडतंय. तेंका उगाच कित्याक घोळात घालू?”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पुण्याच्या खोलीत आम्ही दोघातिघांनी त्या विसावर किती तर्क लढवले होते.

काकींनी हात धुतले, पण उठल्या नाहीत. “बाय, पुण्याक ह्यातला काय सांगू नको. तेंचो जीव ह्येच्यात आसा. काढून घेतलास तर खाटेवर पडतले, मगे उठूचे नाय.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा होती, म्हणून धुकं विरळ झालं होतं. तिघं त्याच मोडक्या धक्क्यावर बसलो. काकांना काकी हाताला धरून आणत. दगडापाशी आल्यावर हातावर दोनदा दाबत, की काका पाय उचलत.

पाणी चढत होतं. दांडा बघता बघता अरुंद होत होता आणि पक्षी आवाज न करता, पावलापावलाने मागे सरत होते. मी नऊशेच्या पुढे पोहोचले होते. तेवढ्यात माडांच्या वरून समुद्री गरुड आला.

अख्खा दांडा उठला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओलं धोतर झटकावं तसा, पण लांबवर आणि पुष्कळ वेळ. सगळा थवा पाण्यावर गेला, वळला, पोटं उन्हाकडे झाली आणि तिथे एकदम पांढरा प्रकाश झाला. पुन्हा वळला, आणि तिथे काहीच उरलं नाही. मी पाहत राहिले. मग कुठून तरी काळे ठिपके दाटून आले, धुरासारखे लांबले, आखडले, आणि आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा त्यांच्या पंखांचा वारा माझ्या कपाळाला लागला. काकांनी तोंड वर केलं. त्यांचे डोळे उघडे होते.

गरुड काही न घेता निघून गेला. पक्षी परत दांड्यावर उतरले तेव्हा माझं कुठवर आलं होतं ते मला आठवेना. थंडी होती, पोटात भूक होती. मी अंदाज केला. साधारण चौदाशे. गोल आकडा संशयास्पद दिसतो म्हणून वर बारा जोडले आणि वहीत लिहिलं, १४१२.

“लिवलंस?” काकींनी विचारलं.

“हो.”

“मोजलंस कधी?” त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नवल होतं. “तुझी बोटां हालत नव्हती.”

त्या पुन्हा दांड्याकडे बघायला लागल्या. “उडाली काय मोजू नये,” त्या मला शिकवावं तशा म्हणाल्या. “बसताना मोजूची. दमलेली आसतत, सावकाश उतारतत. मी पयल्यापासून परत मोजलंय.” आणि काकांच्या कानाशी झुकल्या.

“एक हजार तीनशे ऐंशी,” काका म्हणाले.

मी माझा आकडा खोडला. दोनदा रेघ मारली, तरी तो खालून वाचता येत होता.

त्या दुपारी काकी पाणी आणायला गेल्या होत्या. काका ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी आल्याचं त्यांना पावलांवरून कळलं.

“बसा,” ते म्हणाले. “तुम्ही आम्हाला तपासायला आलात.”

“काका, मी...”

“त्यात काय? तपासायलाच हवं. एकोणीस वर्षांत कोणी आलं नाही आणि आता आलात, तेव्हाच समजलो. मी तीस वर्षं सरकारी वह्या लिहिल्या, विसाची भानगड कोणाच्या तरी नजरेला येणार हे मला कळत होतं.”

“मग दिसत नाही असं कळवलं का नाहीत?”

ते हसले. “कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आभाराचं पत्र पाठवलं असतं. आता विश्रांती घ्या म्हणून. मग ती धक्क्यावर कशी गेली असती?”

मला समजायला वेळ लागला. “काकी म्हणाल्या, तुमचा जीव यात आहे.”

“असं म्हणाली?” ते म्हणाले. “होता. डोळे होते तोवर होता. आता खरं सांगू का, मला पहाटे उठायचा कंटाळा येतो. गुडघे दुखतात. धक्क्यावर बसून मला काय दिसतं? पांढरं. सगळीकडे नुसतं पांढरं. पण डोळे गेल्यावर पहिल्यांदा मी तिला म्हटलं, आजच्या दिवस तू मोज, कार्ड चुकायला नको. त्या दिवशी घरी येताना ही वाटभर बोलत होती. कुठला पक्षी लंगडत होता, कुठला दुसऱ्याच्या पाठीवर चोच टेकून झोपला होता. इतक्या वर्षांच्या संसारात ही वाटेत कधी बोललेली मला आठवत नाही. भात शिजला का, मीठ संपलं, एवढंच आमचं बोलणं. आणि त्या दिवशी बोलतेय, बोलतेय.”

“तर मग सांगा ना त्यांना, तू एकटी जात जा.”

“सांगितलं एकदा. म्हणाली, लोक काय म्हणतील. बरोबर आहे तिचं. तिसऱ्या काढायला गेली तर कोणी विचारत नाही. आंधळ्या नवऱ्याचा हात धरून गेली तर गाव हात जोडतं, बाई असावी तर अशी. आणि काही कामाशिवाय, नुसती पक्षी बघत बसायला गेली तर?” त्यांनी मान हलवली. “म्हणून मी उठतो. तिला कारण पाहिजे ना घरातून निघायला.”

अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी विचारलं, “मी काय लिहू पुण्याला?”

“खरं लिहा. पण अर्धं लिहू नका.”

तिसऱ्या दिवशी मी तयार होऊन बाहेर आले तर काका खाटेवरच होते, चादर हनुवटीपर्यंत ओढून. काकी त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभ्या होत्या.

“ताप नाय आसा,” त्या म्हणाल्या.

“ताप नाहीच आहे. आज माझ्याच्याने होत नाही. तुम्ही दोघी जा.”

“मगे रवांदे आजचा.”

“पाणी थांबायचं नाही कोणासाठी.”

“ह्या बायक म्हायत आसा वाट. तां मोजीत.”

काकांनी चादर सारखी केली. ते छपराकडे तोंड करून पडले होते, आणि मला एकदम कळलं की आता बोलायची पाळी माझी आहे. मला खरं तर एकटीनेच जायला हवं होतं. साहेबांनी मला माझा आकडा आणायला पाठवलं होतं, काकींचा नव्हे.

“काकी,” मी म्हटलं, “काल मी न मोजता आकडा लिहिला. तुम्ही पाहिलात. आज एकटी गेले तर पुन्हा लिहीन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेकडे. मग आत गेल्या आणि शिंपल्यांची पिशवी घेऊन आल्या.

वाटेत विहिरीवर एक बाई रहाट ओढत होती. तिने हात थांबवला. “गे, घोव खय तुझो? एकलीच खय चललंस?”

काकींची चाल मंदावली. मला वाटलं त्या आता वळतील. पदर डोक्यावर ओढून घेत त्या म्हणाल्या, “मोजूक.”

“काय मोजूक?”

“पाखरां,” त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

धक्क्यावर काकांची नेहमीची जागा रिकामी होती. काकी तिथे बसल्या नाहीत, आपल्याच जागी बसल्या. त्या दिवशीची भरती तिन्ही दिवसांत सगळ्यात मोठी होती. दांडा बोटभर उरला, मग दोऱ्याएवढा, मग पक्षी पाण्यावरच उभे आहेत असं दिसायला लागलं. त्यांच्या पायाखालची वाळू दिसेना, पण पाणी त्यांना बुडवत नव्हतं. सगळं इतकं स्तब्ध की एखादा पक्षी पाय बदलायचा तेही जाणवायचं. त्यांतले कितीतरी झोपलेले होते. दोन-अडीच हजार मैल उडून आलेले ते मूठभर जीव पाठीत चोची खुपसून झोपले होते आणि एक बाई पुटपुटत त्यांच्यावरून नजर फिरवत होती, उशीवर झोपलेल्या मुलांवरून फिरवावी तशी. शिंपलीवर शिंपली पडल्याचा आवाज होत होता. मीही मोजत होते, पण मधूनमधून मला वाटे की आपण जागे नाही. कुणीतरी आपल्याला मोजतंय, आणि आपण हललो तर त्याचं चुकेल.

काकींनी डोळे मिटून उघडले. “झाला.”

शिंपल्या सदुसष्ट होत्या. त्यांनी सवयीने उजवीकडे मान वळवली, सांगायला. तिथे कुणी नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. मला गुणाकार येत होता, ओठांवरही आला होता. मी तो गिळला.

त्या शिंपल्यांकडे पाहत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी पाच शिंपल्या उचलून एका जागी ठेवल्या. मग दुसऱ्या पाच. पाचाचा शेकडा. ढीग मांडत गेल्या, तेरा झाले, दोन शिंपल्या उरल्या.

“तेराशे,” त्या स्वतःशी म्हणाल्या. “आनी हे चाळीस.” मग डाव्या हाताची मूठ उघडली. तिच्यात बारीक खडे होते. त्या दिवशी विसात न बसलेले पक्षीही त्यांनी सोडले नव्हते. “आनी सात.”

आणि मग ताठ बसून, दांड्याकडे बघत, त्या मोठ्याने म्हणाल्या, “तेराशे सत्तेचाळीस.”

दांड्यावरच्या दोनचार पक्ष्यांनी माना वर केल्या. माझ्या वहीत तेराशे एक्कावन्न होते.

पुढचं थोडक्यात सांगते. मी अहवालात सगळं लिहिलं, माझा खोडलेला आकडासुद्धा. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि ती पाच वर्षं ठेवून घेतली. प्रत्येक आकड्यापुढे ‘यात एकोणीसपर्यंत भर शक्य’ एवढी टीप आली. म्हणजे घट खरी होती. पक्षी खरोखरच कमी होत होते. आपण बरोबर ठरलो याचा आनंद अशा वेळी कसा मानतात, ते मला अजून कळलेलं नाही. काका त्यानंतर सहा वर्षं होते. पहाटे आरामात झोपायचे. काकी ते गेल्यावरही अकरा हिवाळे जात राहिल्या, आणि शेवटी शेवटी विहिरीवरची ती बाईही त्यांच्याबरोबर जायची, असं मला कुणीतरी सांगितलं.

पण त्या तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगायची राहिली.

दुपारची गाडी होती. मी ओट्यावर बसून फॉर्म भरत होते. काकी आत चुलीपाशी होत्या, काका खाटेवर.

“काकी, पूर्ण नाव सांगा तुमचं. मोजणाऱ्याचं नाव लिहायचंय.”

“तेंचाच घाल.”

“मोजलं तुम्ही.”

“रुक्मिणी विश्राम टिकम,” काका खाटेवरून म्हणाले. “लिहा.”

मी लिहिणार तोच आतून आवाज आला. “तां नको.”

काकींनी चुलीत फुंकर घातली. धूर बाहेर आला, त्यामागून त्या बोलत होत्या. “तां नाव लग्न होवन हय इल्यावर पडला. मोजूक माका बापाशीन शिकवल्यान. होडी लागली काय बांगडे विसावर मोजूचो, माका बाजूक बसवून. तेच्या तोंडात कधी रुक्मिणी नव्हती.”

“मग काय लिहू?”

काकींनी चुलीत एक लाकूड आत सारलं.

“शेवंती,” त्या म्हणाल्या. “फुडचा तेंचाच आसांदे.”

मी लिहिलं. काका खाटेवर उठून बसले होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने रुक्मिणी हे नाव त्यांनीच लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर ते नावही कधी हाकेत वापरलं नव्हतं. त्यांच्या पिढीत वापरत नसत. त्यांचे ओठ हलले.

“शेवंती,” ते म्हणाले, चव घेतल्यासारखे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा मोठ्याने, “अगो शेवंती!”

“ओ!” काकींनी आतून ओ दिली. मागे वळल्याही नाहीत. अंगणात खेळणाऱ्या मुलीला आईने हाक मारावी आणि तिने खेळ न थांबवता द्यावी, तशी.